वसाहतकालीन शहर पाहायचं तर आधी वेस गाठा

पहिल्याच सकाळी संग्रहालयात शिरू नका. ऊन चढायच्या आत वेशीपाशी जा. श्रीलंकेतल्या गॉल किल्ल्याच्या जुन्या दरवाजावर बाहेरून ब्रिटिश राजचिन्ह दिसतं. ते पाहून मी आत गेलो, सहज मागे वळलो आणि थबकलोच. आतल्या बाजूला डच कंपनीचं चिन्ह होतं: दोन सिंह, वर कोंबडा आणि १६६९ हे साल. तेव्हापासून कुठलाही दरवाजा मी दोन्हीकडून पाहतो, तुम्हीही पाहा.

स्पॅनिश शहरांत मात्र मुख्य चौकातून सुरुवात करा. नव्या शहरांचा चौक लांबीला रुंदीच्या किमान दीडपट असावा, असं १५७३ च्या राजाज्ञेतच लिहिलं होतं. पावलं मोजून बघा, काही ठिकाणी चौक चक्क चौरस निघतो. ग्वाटेमालातल्या अँटिग्वाला निदान दोन दिवस द्याच. १७७३ च्या भूकंपानंतर राजधानी हलली, म्हणून पडके मठ आणि चर्च आजही उभे आहेत. रस्ते दगडगोट्यांचे, तेव्हा जाड तळव्याचे बूट हवेत.

आणि घानातला एल्मिनाचा किल्ला घाईत उरकू नका. तो १४८२ मध्ये पोर्तुगीजांनी बांधायला घेतला. वर गव्हर्नरची हवेशीर दालनं, खाली गुलामांच्या अंधाऱ्या कोठड्या. तिथे फोन खिशात ठेवा आणि थोडा वेळ नुसते उभे राहा.