हिस्टामिनचा त्रास असेल तर उरलेलं अन्न कसं ठेवावं, कसं गरम करावं

काहींच्या शरीराला अन्नातलं हिस्टामिन हे रसायन नीट मोडता येत नाही आणि त्याचा त्रास होतो. उरलेलं कालवण खळखळून उकळलं की निर्धोक झालं, हा समज हिस्टामिनच्या बाबतीत उपयोगाचा नाही. मासे, मटण, चिकन यांत हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल असतं आणि काही जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. उकळल्यावर जिवाणू मरतात, हा बदल घडवणारं त्यांचं एन्झाइमही निकामी होतं. पण तोवर तयार झालेलं हिस्टामिन जसंच्या तसं राहतं. कुकरच्या चार शिट्ट्या, मायक्रोवेव्ह किंवा फ्रीजर, कशानेच ते जात नाही. त्याला वास किंवा चव असेलच असंही नाही, त्यामुळे 'वास घेऊन बघितला, चांगलं आहे' ही परीक्षा इथे बाद. हातात उरतो तो एकच उपाय: ते होऊ न देणं, म्हणजे गॅस बंद केल्यापासून फ्रीजरमध्ये जाईपर्यंतचा वेळ कमी करणं.

जिवाणूंची वाढ मुख्यतः 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या दरम्यान होते. अन्न बाहेर ठेवायची मर्यादा सर्वसाधारणपणे 2 तास सांगतात आणि 32 अंशांच्या वर एकच तास. मुंबईच्या स्वयंपाकघरात, तेही गॅस पेटलेला असताना, एक तासच धरावा. ज्यांना त्रास होतो त्यांनी तर गॅस बंद होताच थंड करायला घ्यावं. 'जेवणं आटपली की ठेवू' म्हटलं की नऊचं पातेलं अकरापर्यंत ओट्यावर झाकून राहतं आणि झाकणाखाली तासन्‌तास कोमटच असतं.

म्हणून उद्याचा वाटा वाढायच्या आधीच काढा. ताटात फिरलेला डाव पुन्हा पातेल्यात गेला की नवे जिवाणूही आत जातात. एका वेळेला लागेल तेवढंच, पसरट स्टीलच्या डब्यात, 4-5 सेंटिमीटरपेक्षा जास्त खोल नको. परातीत पाणी आणि बर्फाचे दोन ट्रे घालून त्यात डबा ठेवा, डब्याचं झाकण तिरकं ठेवा, दर काही मिनिटांनी ढवळा. पातळ आमटी 15-20 मिनिटांत गार होते. घट्ट रस्सा आणि खिमा जास्त वेळ घेतात, तेव्हा त्यांचा थर आणखी पातळ ठेवा. डब्याचा तळ हाताला गार लागला की झाकण घट्ट लावून सरळ फ्रीजरमध्ये. मास्किंग टेपवर पदार्थ, तारीख आणि वेळ लिहा. डबे पहिल्या रात्री एकावर एक रचू नका. मधला डबा गोठायला फार वेळ घेतो.

फ्रीजचा कप्पा आणि फ्रीजर यांत फरक आहे. 4 अंशांना जिवाणूंची वाढ मंदावते, थांबत नाही. उणे 18 ला थांबते. मांस-मासे फ्रीजच्या कप्प्यात रात्रभरही ठेवू नयेत असं आमचं मत. डाळ, फळभाजी यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणापर्यंत मुभा द्यायला हरकत नाही. एकदारी फ्रीजचा बर्फाचा कप्पा पुष्कळदा उणे 18 गाठतच नाही, त्यातून भिंतीवर बोटभर बर्फ साचला की आणखी पंचाईत. साधा फ्रीजर थर्मामीटर आत ठेवून सकाळी आकडा बघा. उणे 10 दिसला तर तिथला साठा हप्त्याभरात संपवा.

माशांचं गणित वेगळं, कारण तिथे नुकसान शिजवण्याआधीच झालेलं असू शकतं. बांगडा, तारली, सुरमई, ट्यूना यांत मोकळं हिस्टिडिन भरपूर असतं. बाजारातून सकाळीच घ्या, बर्फावर असलेलाच घ्या, कोळणीकडून पिशवीत बर्फ मागून घ्या, आणि घरी आल्यावर लगेच साफ करून शिजवा. मुरलेलं बांगड्याचं तिखलं दुसऱ्या दिवशी जास्त लागतं हे खरं, पण हा आनंद या आजारात सोडावा लागतो. कच्चा मासा गोठवला तरी त्यातलं एन्झाइम शाबूत राहतं आणि बर्फ सुटला की पुन्हा कामाला लागतं. म्हणून गोठवायचा तर शिजवून. बिघडलेल्या माशातल्या हिस्टामिनने तर धडधाकट माणसालाही बाधा होते: चेहरा लाल होणं, डोकं दुखणं, खाज, जुलाब. श्वास लागला किंवा ओठ-जीभ सुजली तर घरगुती उपाय करत बसू नका, 108 ला फोन करा.

भातात हिस्टामिनची भीती फारशी नाही, पण गरम करून न जाणारं विष तिथेही होतं, बॅसिलस सीरियस या जिवाणूचं. तोही तासाभरात गार करून ठेवा. कणीक रात्रभर मळून ठेवू नका, आंबते; त्याऐवजी पोळ्याच गोठवा. इडलीचं पीठ, दही, लोणचं हे मुळात आंबवलेले पदार्थ, कितीही नीट ठेवले तरी त्रास देऊ शकतात.

गरम करताना डबा ओट्यावर वितळायला ठेवू नका. गोठलेला गोळाच कढईत टाका, दोन-तीन चमचे पाणी, मंद आच, झाकण. सुटला की आच वाढवून सगळीकडून उकळी आणा. सुकी भाजी किंवा खिमा मधोमध 75 अंशांना गेला पाहिजे. मायक्रोवेव्हमध्ये काचेच्या भांड्यात काढा, अर्ध्या वेळाने ढवळा, शेवटी दोन मिनिटं तसंच राहू द्या. नाहीतर कडा उकळतात आणि मधला भाग थंडच राहतो. गरम एकदाच करायचं. त्यातूनही उरलं तर टाका, जीवावर आलं तरी.

राहिला ऑफिसचा डबा. सकाळी नऊला भरलेला साधा डबा एक वाजेपर्यंत लोकलमध्ये आणि टेबलाखाली कोमट होत बसतो, म्हणजे चार तास. ऑफिसात मायक्रोवेव्ह असेल तर डबा गोठलेलाच न्या, थंड पिशवीत बर्फाच्या पॅकसोबत, आणि पोचल्यावर तिथल्या फ्रीजमध्ये ठेवा. नसेल तर रुंद तोंडाचा थर्मास: आधी उकळतं पाणी भरून दहा मिनिटं ठेवा, ओतून टाका, मग उकळता पदार्थ काठोकाठ भरा. अर्धा रिकामा थर्मास लवकर निवतो. एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरीच भरून चार तासांनी मोजून बघा. आतलं तापमान 60 च्या खाली आलं असेल तर त्या थर्मासात ताक-सरबत भरा, जेवण नको.