रेविटमध्ये डीडब्ल्यूजी लिंक करताय? या चुका टाळा

ऑटोकॅडचे ड्रॉइंग (डीडब्ल्यूजी फाइल) रेविट या इमारतींच्या थ्रीडी मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या मॉडेलला जोडले की गडबड दिसते रेविटमध्ये, पण तिचे मूळ बहुतेक वेळा डीडब्ल्यूजी फाइलमध्येच असते. म्हणून मॉडेलची सेटिंग्ज बदलत बसण्याआधी ती फाइल ऑटोकॅडमध्ये उघडा आणि झूम एक्स्टेंट्स (सगळे ड्रॉइंग पडद्यावर बसवणारी कमांड) द्या. सगळा नकाशा कोपऱ्यात ठिपक्याएवढा झाला, तर कुठेतरी लांबवर एखादी रेघ किंवा ब्लॉक विसरून राहिलेला आहे. तो काढा, ऑडिट (फाइलमधल्या चुका दुरुस्त करणारी कमांड) आणि पर्ज (न वापरलेल्या गोष्टी काढणारी) चालवा, एकावर एक बसलेल्या रेघा ओव्हरकिलने साफ करा आणि मगच फाइल लिंक करा.

सर्वांत जास्त वेळ खाते ती जागेची चूक. सर्व्हेचे ड्रॉइंग यूटीएम (पृथ्वीवरची जागा मीटरमध्ये सांगणाऱ्या) कोऑर्डिनेट्समध्ये असले, तर त्यातला प्लॉट शून्यबिंदूपासून शेकडो किलोमीटर दूर असतो. रेविटला मात्र भूमिती आपल्या इंटर्नल ओरिजिनच्या (मॉडेलच्या स्वतःच्या शून्यबिंदूच्या) आसपासच हवी असते. साधारण 16 किलोमीटरच्या त्रिज्येबाहेर ती गेली की इशारा येतो, वर्तुळे ओबडधोबड दिसू लागतात, हॅच (आकार भरणारे रेघांचे नमुने) बिघडतात. यावर उपाय म्हणून कित्येक जण सर्व्हेचे ड्रॉइंगच ऑटोकॅडमध्ये उचलून शून्यावर आणतात. हे करू नका. खरे कोऑर्डिनेट्स तिथेच गमावले जातात आणि सर्व्हेअरची सुधारित फाइल आली की पुन्हा तीच हमाली. त्यापेक्षा फाइल सेंटर टू सेंटर (मध्यावर मध्य) पद्धतीने लिंक करा, सरकवून आणि फिरवून इमारतीशी जुळवा, मग ॲक्वायर कोऑर्डिनेट्स (लिंकचे कोऑर्डिनेट्स मॉडेलला देणारी कमांड) वापरून त्या लिंकवर क्लिक करा. इमारत ओरिजिनजवळच राहते आणि खरे कोऑर्डिनेट्सही मॉडेलला मिळतात. शेवटी लिंक पिन करून टाका, म्हणजे ती चुकून हलणार नाही.

मजल्यांच्या प्लॅनसाठी मात्र सेंटर टू सेंटर नको. प्रत्येक मजल्याच्या ड्रॉइंगचा मध्य वेगळा असतो. एखाद्या प्लॅनला बाजूला टायटल ब्लॉक (शीर्षकाची चौकट) असला तरी तो प्लॅन सरकतो, आणि मग वरच्या मजल्याचे कॉलम खालच्यावर बसत नाहीत. सगळ्या प्लॅनमध्ये एकच ग्रिड छेदबिंदू शून्यावर ठेवायचे आधीच ठरवा आणि ओरिजिन टू इंटर्नल ओरिजिन (शून्यबिंदूवर शून्यबिंदू) ही पद्धत वापरा.

एककांचा घोळ त्यामानाने लगेच पकडता येतो. ड्रॉइंग हजारपट लहान आले, तर मीटरमधली फाइल मिलिमीटर समजून वाचली गेली आहे; फरक 25.4 पटीचा असेल, तर इंच आणि मिलिमीटरची अदलाबदल झाली आहे. ऑटो डिटेक्ट हे फाइलमध्ये नोंदवलेल्या एककावर विसंबते, आणि ती नोंदच अनेकदा चुकीची असते. त्यामुळे लिंक करताना एकक स्वतः निवडा आणि माहीत असलेले एखादे ग्रिडचे अंतर मोजून बघा.

लिंकऐवजी इंपोर्ट करणे (ड्रॉइंगची प्रत मॉडेलमध्येच आणणे) ही सवयीने होणारी चूक. इंपोर्ट केलेले ड्रॉइंग नव्या आवृत्तीने रीलोड होत नाही. त्याहून वाईट म्हणजे ते एक्सप्लोड करणे (सुट्या रेघांत फोडणे): परके लाइन स्टाइल, टेक्स्ट स्टाइल आणि फिल पॅटर्न सगळ्या प्रोजेक्टभर पसरतात. माझे स्पष्ट मत असे, की प्रोजेक्ट फाइलमध्ये डीडब्ल्यूजी एक्सप्लोड करावी असे कारण जवळजवळ कधीच नसते.

लिंक करतानाची करंट व्ह्यू ओन्ली ही खूण छोटी असली तरी परिणाम मोठा. ती न करता आणलेला प्लॅन थ्रीडीतही दिसतो आणि सेक्शनमध्येही. ट्रेसिंगपुरता लागणारा प्लॅन त्या एकाच व्ह्यूत ठेवा. सर्व्हेच्या कंटूरवरून (समान उंचीच्या रेषांवरून) टोपोग्राफी, म्हणजे जमिनीचा चढउतार, बनवायची असेल, तर मात्र ही खूण काढून टाकावीच लागते.

ट्रेस करताना पिक लाइन्सवर (ड्रॉइंगमधली रेघ निवडून तिच्यावर भिंत काढण्यावर) डोळे झाकून विश्वास टाकू नका. ड्रॉइंगमधली भिंत 3600 मिलिमीटर दिसत असली तरी प्रत्यक्षात 3599.7 निघू शकते, किंवा किंचित तिरकी. मग स्लाइटली ऑफ ॲक्सिसचे (रेघ किंचित तिरकी असल्याचे) इशारे साचतात आणि पुढे डायमेन्शन जुळत नाहीत. ग्रिड आधी आकडे टाकून काढा, भिंती त्यावर बसवा. डीडब्ल्यूजी फक्त बघण्यापुरती.

लिंक केली, पण काहीच दिसत नाही? आधी मॅनेज लिंक्समध्ये स्थिती बघा. नॉट फाउंड असेल, तर फोल्डरचे नाव किंवा जागा बदललेली असते. नवा पाथ द्या आणि तो रिलेटिव्ह (मॉडेलच्या फाइलच्या जागेवरून मोजलेला) ठेवा. फाइल लोड झालेली असेल, तर व्हिजिबिलिटी ग्राफिक्समधला इंपोर्टेड कॅटेगरीजचा टॅब उघडा, मग वर्कसेट (मॉडेलमधल्या घटकांचे गट) आणि व्ह्यू रेंज (व्ह्यूत दिसणारी उंचीची मर्यादा) तपासा. फक्त काही भागच गायब असेल, तर तो बहुधा एक्सरेफमधून (ड्रॉइंगला जोडलेल्या दुसऱ्या ड्रॉइंगमधून) येतो. असे एक्सरेफ ओव्हरले प्रकारचे असतील, तर ते ऑटोकॅडमध्ये अटॅचमेंट प्रकारचे करा, फाइल सेव्ह करा आणि लिंक रीलोड करा.