बागेचा तुकडा विकताय? रजिस्ट्रीआधी कराचा हिशेब असा मांडा

इंदूरच्या राजेंद्र नगर किंवा लोकमान्य नगरात जुना प्लॉट आहे, घर पुढच्या बाजूला, मागे आंबा-पेरूची बाग, आणि शेजाऱ्याला तेवढीच जागा हवी आहे. "राहत्या घराची जागा, तिच्यावर कसला कर?" हा समज चुकीचा. नफा झाला की कॅपिटल गेन, म्हणजे भांडवली नफ्यावरचा कर लागतो. रजिस्ट्रीनंतर यात फारसे काही बदलता येत नाही, म्हणून हिशेब बयाना घेण्याआधीच मांडावा.

पहिले काम, तुकडा कायद्याने वेगळा होतो का ते पाहणे. उरलेल्या घराभोवती एमओएसची, म्हणजे नियमाने सोडायची मोकळी जागा सुटली पाहिजे. नाहीतर पुढे नकाशा मंजुरीला अडचण येते. प्लॉट विकास प्राधिकरणाच्या लीजवर असेल तर त्यांची परवानगी आधी घ्यावी.

आता खरेदी किंमत. सर्वांत जास्त चुका इथेच होतात. घरासकट प्लॉटची पूर्ण किंमत वजा करता येत नाही. विकलेल्या चौरस फुटांच्या वाट्याची फक्त जमिनीची किंमत वजा होते, बांधकामाचा खर्च नाही. जागा १ एप्रिल २००१ पूर्वीची असेल तर त्या दिवशीचे बाजारमूल्य धरता येते, पण तेव्हाच्या गाइडलाइनपेक्षा, म्हणजे सरकारी दराने होणाऱ्या किमतीपेक्षा, जास्त नाही. व्हॅल्युअरने कितीही फुगवून लिहिले तरी उपयोग नाही. वडिलोपार्जित जागेला वडिलांची खरेदी किंमत आणि त्यांचा मालकीचा काळही धरला जातो. एकूण २४ महिन्यांहून जास्त झाले की नफा दीर्घ मुदतीचा.

समजा ४,००० पैकी १,५०० चौरस फूट ६० लाखांना विकले आणि २००१ चा दर फुटाला २०० रुपये होता. किंमत झाली ३ लाख. १२.५ टक्क्यांनी ५७ लाखांवर कर ७,१२,५०० रुपये. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या जागेला निवासी भारतीयासाठी दुसरा हिशेबही आहे: २०२५-२६ च्या ३७६ या महागाई निर्देशांकाने किंमत ३.७६ पट, म्हणजे ११.२८ लाख, उरलेल्यावर २० टक्के म्हणजे ९,७४,४०० रुपये. इथे पहिला स्वस्त. पण २००१ चा दर ५०० असता तर १२.५ टक्क्यांनी ६.५६ लाख आणि २० टक्क्यांनी ६.३६ लाख, म्हणजे दुसरा स्वस्त. म्हणून २००१ ची गाइडलाइन शोधून काढण्याचे कष्ट वाया जात नाहीत. करावर ४ टक्के सेस वेगळा. परदेशात राहणारा भाऊ सहमालक असेल तर त्याला २० टक्क्यांचा पर्याय नाही, आणि त्याच्या वाट्यावरचा टीडीएसही (पैसे देतानाच कापला जाणारा कर) वेगळ्या, जास्त दराने कापला जातो.

सौदा ६० लाखांचा आणि आजची गाइडलाइन ७० लाखांची असेल तर कर ७० लाख धरूनच लागेल. फरक १० टक्क्यांच्या आत असेल तरच सूट. "थोडे रोख, थोडे चेकने" याला तर स्पष्ट नाही म्हणावे: २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेतल्यास घेतलेल्या रकमेएवढाच दंड होऊ शकतो. किंमत किंवा गाइडलाइन ५० लाख किंवा वर असेल तर खरेदीदार १ टक्का टीडीएस कापतो. पॅन आधारशी जोडलेले नसेल तर कपात वाढते.

कर वाचवायचा तर आयकर कायद्याच्या कलम ५४ईसीचे ठरावीक रोखे सोपे: विक्रीपासून सहा महिन्यांत, कमाल ५० लाख, पाच वर्षे अडकून. नवे घर घ्यायचे असेल तर जपून. कलम ५४ राहत्या घराच्या विक्रीला आहे. घर ठेवून नुसती बाग विकली तर आयकर खाते हरकत घेऊ शकते. सुरक्षित हिशेब कलम ५४एफचा, ते घराखेरीज इतर मालमत्तेच्या विक्रीला आहे. पूर्ण सूट हवी तर नफा नव्हे, हाती आलेली सगळी रक्कम घरात घालावी लागते, आणि विक्रीच्या दिवशी तुमच्याकडे एकाहून अधिक घरे नकोत. विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा दोन वर्षांत खरेदी, बांधकामाला तीन वर्षे. राहत्या घराची फरशी बदलणे यात येत नाही. रिटर्नच्या मुदतीपर्यंत पैसे गुंतले नाहीत तर ते बँकेतल्या खास कॅपिटल गेन खात्यात टाकावेत; बचत खात्यात पडून राहिले की सूट गेली.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला आणि कलमांचे क्रमांक बदलले. सीएशी बोलताना वरचे जुने क्रमांक सांगितले तरी चालतील.