भांड्यावरची गुरगुर कशी थांबवली

जेवताना जवळ गेलं की गुरगुरणारा कुत्रा माजलेला नसतो. घास हिसकावला जाईल अशी त्याला धास्ती असते. ‘मालक कोण ते कळू दे’ म्हणून मध्येच भांडं उचलायचा सल्ला सर्रास मिळतो, आणि तोच ती धास्ती खरी ठरवतो.

लागू पडलं ते याच्या उलट. चिकन उकडायचं, मीठ, कांदा, लसूण काही नको. हाडं काढून वाटाण्याएवढे तुकडे करायचे. भांड्यात मात्र रोजचंच जेवण. तो निवांत खात राहील इतक्या अंतरावरून, समजा सात-आठ फुटांवरून, जाता जाता एक तुकडा भांड्याकडे टाकायचा आणि लगेच मागे फिरायचं. एका जेवणाला पाच-सहा फेऱ्या, बस्स. तुमची चाहूल लागताच तो अंग सैल सोडून मान वर करू लागला आणि तीन-चार जेवणं हेच टिकलं, की अर्धा फूट पुढे.

घोटाळा होतो तो घाईने. खाण्याचा वेग अचानक वाढला, अंग ताठरलं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसला, तर दोन फूट मागे या. गुरगुरल्याबद्दल ओरडू नका; तो इशारा दाबला की पुढच्या वेळी थेट दात लागतात. तोंडातली वस्तू ओढायची नाही, चिकन दाखवून अदलाबदल करायची.

घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने सुरुवात आपापल्या सात-आठ फुटांपासूनच करावी. मुलांना यात घेऊ नका. हे वागणं एकाएकी सुरू झालं असेल तर आधी दात-हिरड्या पशुवैद्याकडून तपासून घ्या.