पहिल्यांदाच पूर्ण वर्ग घेताय? या चुका टाळा

बी.एड.च्या दोन वर्षांत मिळून किमान २० आठवडे शाळांमध्ये काढायचे असतात. सुरुवातीला छात्राध्यापक मागच्या बाकावर बसून निरीक्षण करतात आणि पहिली चूक तिथेच होते. सगळं लक्ष शिक्षकांवर! सरांनी प्रस्तावना कशी केली, फलकलेखन कसं केलं, याच्या वहीभर नोंदी होतात. त्या वेळी मुलं काय करत होती, याची एक ओळ नसते. मग पूर्ण वर्ग हाती आला की टाचण, म्हणजे तासाचं लिहून काढलेलं नियोजन, तोंडपाठ असूनही गडबड उडते. निरीक्षणाच्या तासांत मुलांकडे बघा. कोण शेजाऱ्याचं बघून लिहितं, कोण कधीच हात वर करत नाही, हे टिपून ठेवा. नावंही तेव्हाच पाठ करा. नावानं हाक मारली की निम्मी चुळबुळ तिथेच थांबते.

‘समजलं का?’ विचारून पुढे जाणं

ही मला सगळ्यात घातक वाटणारी चूक. वर्गातून एका सुरात ‘होऽऽ’ येतं आणि शिकवणारा निर्धास्त होतो. पण तो होकार बहुतेक वेळा पहिल्या दोन बाकांचा असतो. त्यापेक्षा छोटं काम द्या. समजा, बाष्पीभवन शिकवताय. वेंगुर्ल्याकडच्या मुलांना शिरोड्याची मिठागरं ठाऊक असतात. त्यांना विचारा, मिठागरात घेतलेलं खारं पाणी गेलं कुठे आणि मीठ मागे का राहिलं? पावसाळ्यात मीठ का पिकत नाही? उत्तर दोन ओळींत लिहायला सांगून बाकांमधून फिरा. पाच-सहा वह्या डोळ्यांखालून गेल्या की पुढे जायचं की परत समजवायचं, ते कळतं.

तोंडी प्रश्न विचारलात तर थांबा. मेरी बड रो या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात दाखवून दिलं की शिक्षक प्रश्नानंतर सरासरी १ सेकंदच थांबतात. तो वेळ ३ सेकंदांवर नेला की उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येतात, गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. नवख्या शिक्षकाला ती शांतता फार जड जाते. मनातल्या मनात आकडे मोजा, पण उत्तर स्वतः देऊन टाकू नका.

आणि एखादी पोर धीर करून मालवणीत ‘बाई, पाणी वाफ होवन वर जाता’ म्हणाली, तर आधी उत्तराला दाद द्या. तिथल्या तिथे ‘जाता नाही, जातं’ म्हणालात तर ती पुन्हा हात वर करणार नाही. तिचंच वाक्य नंतर प्रमाण मराठीत फळ्यावर लिहा.

आवाजावर आवाज चढवणं

जुलैत पत्र्यावर पावसाची सर कोसळली की समोरच्या बाकावरही काही ऐकू येत नाही. तेव्हा ओरडून घसा बसवून घेऊ नका. पावसाळ्यात प्रत्येक टाचणासोबत एक लेखी काम तयार ठेवा आणि सूचना फळ्यावर लिहा. वीज जाणारच, तेव्हा सगळा पाठ प्रोजेक्टरवर टाकू नका.

मुलांचा गोंगाट असेल तर बोलणं थांबवा आणि गोंगाट जिथून सुरू झाला तिथे जाऊन उभे राहा. तरीही शांत होत नसतील तर काम फार सोपं आहे, फार अवघड आहे की सूचनाच कळली नाही, ते बघा. कारण बहुधा या तिघांत असतं. तक्ते, कार्डं वाटण्याआधी सूचना द्या. एकदा हातात वस्तू आली की कुणी ऐकत नाही. छडी, कान धरून उभं करणं, सगळ्यांसमोर पाणउतारा, यातलं काहीही करायचं नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी आहे.

डी.एल.एड.वाल्यांना (प्राथमिक शिक्षक होण्याची पदविका करणाऱ्यांना) वाडीवरच्या द्विशिक्षकी शाळेत तिसरी-चौथी एकत्र मिळू शकते. तिथे चौथीला शिकवताना तिसरी रिकामी बसली की तास हातचा गेलाच. आधी तिसरीला काम लावून द्या, मग चौथीकडे वळा.

तास संपल्यावर मार्गदर्शक शिक्षकांना ‘कसा झाला?’ एवढंच विचारलंत तर ‘छान झाला’ एवढंच ऐकू येईल. तासाआधीच त्यांना सांगा, ‘सर, आज कोणती मुलं एकदाही बोलली नाहीत, तेवढं लिहून ठेवाल का?’ पुढच्या पाठाचं टाचण ती नावं समोर ठेवून काढा.