स्वतःची तपासणी करणारे इमर्जन्सी लाइट: बसवायचे कसे, सांभाळायचे कसे

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात शिडी लावून जिन्यावरचा इमर्जन्सी लाइट पुसत होतो. त्यावर कापसाच्या धुळीचा बोटभर थर साचला होता. फडकं फिरवलं आणि खालून लाल ठिपका दिसला. बॅटरी गेली आहे, असं तो लाइट कितीतरी दिवस सांगत होता, पण कोणी पाहिलंच नव्हतं. मे २०२५ मध्ये याच एमआयडीसीत एका कारखान्याला लागलेल्या आगीत आठ जणांचा जीव गेला. तेव्हापासून कुठल्याही जिन्यात शिरलो की माझी नजर आधी वर जाते.

साध्या इमर्जन्सी लाइटची बॅटरी मेलेली आहे हे वीज गेल्यावरच कळतं. सेल्फ टेस्टवाल्या लाइटमध्ये छोटा कंट्रोलर असतो. तो साधारण महिन्यातून एकदा थोडा वेळ दिवा बॅटरीवर लावून पाहतो आणि वर्षातून एकदा पूर्ण वेळ चालवून बॅटरी किती टिकते ते मोजतो. निकाल कडेच्या बारीक इंडिकेटरवर दिसतो. आयईसी ६२०३४ हे या यंत्रणेचं आंतरराष्ट्रीय मानक. खरेदी करताना खोक्यावर हा क्रमांक आहे का, ते बघा.

जागा ठरवायच्या तर रात्री सगळे दिवे बंद करून, हातात टॉर्च घेऊन, वरच्या मजल्यापासून रस्त्यापर्यंत चालत या. जिथे पाय अडखळला तिथे लाइट हवा. जिन्याचं प्रत्येक वळण, पॅसेजचा कोपरा, आग विझवायच्या सिलिंडरची जागा आणि बाहेरच्या दरवाज्याच्या पलीकडची पायरी, हे विसरू नका. शेवटची पायरी बहुतेक जण विसरतात.

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार हा उजेड किमान ९० मिनिटं टिकायला हवा. सोलापुरात मी तीन तासांचा लाइट घ्यायला सांगतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर जातो आणि पत्र्याच्या छताखाली त्याहून जास्त तापतं. उष्णतेने बॅटरीचं आयुष्य झपाट्याने घटतं. त्यामुळे लाइट पत्र्याला चिकटवू नका, भिंतीवर खाली घ्या. बॅटरी किती तापमानापर्यंत चालते तेही दुकानदाराला विचारा.

आता वायरिंग. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या, पण तो काय करतोय ते समजून घ्या. या लाइटचा फेज (विजेची जिवंत तार) बटणाच्या आधी घ्यायचा आणि तोही त्याच जिन्याच्या नेहमीच्या दिव्यांच्या सर्किटवरून. कारण साधं आहे. फक्त जिन्याचा एमसीबी (बिघाड झाल्यावर आपोआप पडणारा स्विच) पडला तर बाकी इमारतीत वीज असते आणि जिन्यात मात्र काळोख. दुसऱ्या सर्किटवर जोडलेल्या लाइटला यातलं काहीच कळत नाही, तो गप्प बसतो.

मेन स्विचची गोष्ट वेगळी. साप्ताहिक सुट्टीला मेन बंद करून कुलूप लावायची सवय अनेक कारखान्यांत आहे. मग हे लाइट दर आठवड्याला रिकाम्या कारखान्यात बॅटरी संपेपर्यंत जळतात आणि बॅटरी लवकर मरते. यंत्रांचा पुरवठा तोडा, पण या सर्किटचा चालू ठेवा. ते जमत नसेल तर रेस्ट मोड (मेन बंद केल्यावर दिवा मुद्दाम विझवून ठेवायची सोय) असलेले लाइट घ्या.

बसवल्यावर २४ तास सलग चार्ज होऊ द्या, मग पूर्ण वेळेची चाचणी घ्या. एका जिन्यातले सगळे लाइट एकाच दिवशी सुरू करू नका. बऱ्याच मॉडेलमध्ये चाचणीचं वेळापत्रक पहिल्या जोडणीपासून मोजलं जातं. सगळे एकदम वार्षिक चाचणीला लागले, तर नंतर बॅटऱ्या भरेपर्यंत अख्खा जिना उघडा पडतो. एकाआड एक लाइट आठवड्याच्या अंतराने जोडा.

रंगांचा अर्थ कंपनीगणिक बदलतो. स्थिर हिरवा म्हणजे बहुधा ठीक. लाल असेल तर दिवा की बॅटरी, ते माहितीपत्रकावरून कळतं. तो तक्ता मराठीत लिहून वॉचमनच्या टेबलावर चिकटवा. आठवड्यातून एकदा वॉचमनने चक्कर मारून लाइटचा नंबर, रंग आणि तारीख वहीत लिहायची. आमच्याकडे तेलुगू-कन्नड बोलणारे कामगारही असतात. त्यांना हे ठिपके एकदा समोर उभं राहून दाखवा.

लाइटला एक गोष्ट कधीच कळत नाही. समोर टॉवेलच्या गाठी रचल्या आहेत, काचेवर धूळ साचली आहे, दिवा वाकून छताकडे तोंड करून बसला आहे, तरी इंडिकेटर हिरवाच. चक्कर मारताना पायाखालचा उजेडही बघा.

महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून फॉर्म बी, म्हणजे अग्निसुरक्षेची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, द्यावा लागतो. एजन्सीचा माणूस आला की ही वही त्याच्यापुढे ठेवा आणि लाल नोंदी आधी दाखवा.

बॅटरी बदलली की तिच्यावर मार्करने तारीख लिहा, पुन्हा २४ तास चार्जिंग, पुन्हा पूर्ण चाचणी. जुनी निकेल-कॅडमियमची असेल तर कचऱ्यात टाकू नका, कॅडमियम विषारी असतं. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.