अपोजीच्या यादीतून ताऱ्यांचे तापमान, गुरुत्व आणि धातुता: आकडे कसे गाळावेत

न्यू मेक्सिकोतील अपाचे पॉइंटची २.५ मीटर दुर्बीण आणि चिलीतील लास कंपानासची द्यु पाँ दुर्बीण यांनी अपोजी सर्वेक्षणात ताऱ्यांचे अवरक्त वर्णपट (१.५१ ते १.७० मायक्रॉन, विभेदन सुमारे २२,५००) नोंदले. या पट्ट्यात धूळ कमी आड येते, म्हणून आकाशगंगेच्या प्रतलातले लांबचे राक्षसी तारेही दिसतात. २०२१ च्या डीआर१७ (सतराव्या जाहीर) संचात साडेसहा लाखांहून जास्त तारे आहेत. सगळे मोफत आहे, पण उतरवून थेट आलेख काढला की फसायला होते.

सगळ्या ताऱ्यांची यादी असलेली 'ऑलस्टार' ही फिट्स (खगोलशास्त्रातला नेहमीचा साचा) फाइल काही जीबींची आहे. पायथनच्या अ‍ॅस्ट्रोपायने मेमरी-मॅप लावून (म्हणजे सगळी फाइल एकदम स्मृतीत न भरता) उघडा आणि लागतील तेवढेच रकाने घ्या.

मग गाळणी. अ‍ॅस्पकॅपफ्लॅगमधला (विश्लेषणातल्या अडचणींच्या खुणांच्या रकान्यातला) २३ वा बिट लागलेला असेल तर तारा बाद. ही तुलना बिटवाइज 'अँड'ने करायची. फ्लॅग शून्य आहे का एवढेच पाहिले तर नुसती ताकीद असलेले चांगले तारेही जातात. एक्स्ट्राटार्गचा ४ था बिट म्हणजे दुबार नोंद, तीही काढा. सिग्नल-नॉइज गुणोत्तर १०० च्या वर ठेवा. विरळ मूलद्रव्यांसाठी त्याहूनही जास्त. व्हीस्कॅटर (वेगवेगळ्या निरीक्षणांतल्या वेगांचे विखुरणे) सेकंदाला १ किमीपेक्षा जास्त असेल तर जोडतारा असण्याचा संशय घ्या, मात्र निरीक्षण एकदाच झाले असेल तर त्या रकान्याला अर्थ नाही.

तापमान आणि पृष्ठभागावरच्या गुरुत्वाचे दोन-दोन रकाने असतात: वर्णपटाच्या जुळणीतून थेट आलेला आणि सुधारित. राक्षसी ताऱ्यांचे गुरुत्व ताराकंपनांशी ताडून सुधारलेले आहे, म्हणून सुधारितच वापरा. जुळणीसोबत छापलेली त्रुटी फार लहान असते. तिच्यावर विसंबून निष्कर्ष काढू नयेत. ४००० केल्विनखालच्या लहान ताऱ्यांत रेणूंच्या रेषांची गर्दी होते, तिथे आकडे सैल पडतात. वेगाने फिरणारे राक्षसी तारेही दगा देतात, कारण जुळणीसाठीच्या त्यांच्या प्रतिकृतीत परिवलन (स्वतःभोवती फिरणे) धरलेलेच नाही.

आता खरी कसोटी: एम६७ हा एकत्र जन्मलेल्या ताऱ्यांचा पुंजका. विषुवांश १३२.८५, क्रांती +११.८१ अंश; अर्ध्या अंशाच्या आतले, सेकंदाला ३२ ते ३६ किमी त्रिज्यीय वेगाचे तारे निवडा आणि गाया उपग्रहाने मोजलेल्या स्वगतीने (आकाशातल्या सरकण्याने) ताडून पाहा. तापमान-गुरुत्वाचा आलेख काढा, दोन्ही अक्ष उलटे ठेवून. मुख्य क्रम, वळण (जिथे तारे मुख्य क्रम सोडतात) आणि राक्षसी शाखा एका सलग रेषेत दिसायला हवी, आणि राक्षसी ताऱ्यांची लोहधातुता शून्याच्या आसपास, म्हणजे सूर्याइतकी, यायला हवी. विखुरलेले ठिपके दिसले तर गाळणीत चूक आहे.

वळणावरच्या ताऱ्यांची लोहधातुता मात्र सुमारे ०.१ डेक्सने (दहाच्या लघुगणकाच्या मापात) कमी येईल. ही चूक नाही: त्यांच्या पृष्ठभागावरची जड मूलद्रव्ये आत बुडालेली असतात, आणि राक्षसी अवस्थेत खोल संवहन ती पुन्हा वर आणते. त्याच मंथनात कार्बन घटतो आणि नायट्रोजन वाढतो. म्हणून जन्मवेळची रचना शोधायची असेल तर राक्षसी ताऱ्यांचे कार्बन आणि नायट्रोजन वापरू नका. धातुतेची तुलनाही एकाच अवस्थेतल्या ताऱ्यांमध्ये करा.